ओलाय का रे अजून?

गाडीच्या चाकाला क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, शेवटचा हात मारून मी कंबर धरत जेमतेम सरळ उभा राहिलो होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले, वाकले, "ओलाय का रे अजून?" म्हणाले आणि उत्तर यायच्या आत बोट लावून मोकळे झाले.

ओलं होतं.

गाडी सेकंडहँड. "एका हाती वापरलेली आहे," असं विकणारा सांगत होता. चाकं बघून ते पटतं. दुसऱ्या हातात मोबाइल असणार. चारही अलॉय चाकांच्या कडा फुटपाथला घासून पार खरवडलेल्या. म्हटलं, घरीच करू. व्हिडिओत तर तो माणूस 8 मिनिटांत चाक नवंकोरं करतो. घासायचा भाग पळवून दाखवतात, हे आधी लक्षात येत नाही. ब्रेकची काळी पूड तापून तापून चाकाला अशी चिकटलेली असते की ती काढण्यातच माणूस अर्धा होतो. मग 120 चा पॉलिश पेपर, त्याहून बारीक 240 चा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी), ती वाळली की पुन्हा घासा, 400, शेवटी 800 पाणी लावून. लांबीत ती घट्ट करणारा हार्डनर जरा जास्त पडला की चाकावर हात फिरेपर्यंत तिचा दगड झालेला असतो. हे पळवून दाखवणाऱ्यांना एकदा माझ्यासोबत उकिडवं बसवायला हवं.

काकांची पहिली फेरी पत्त्यांच्या वेळी झाली होती. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचतात, एकावर एक जरासे चढवून, गोल.

"एकटाच खेळतोयस?"

"नाही काका, टायर झाकतोय."

"कॅट पुरा आहे ना?"

"पुरा कशाला लागतो?"

"तसं नाही रे. ही बदामची राणी इथे आणि राजा पार तिकडे?" असं म्हणत त्यांनी खरोखर दोन पत्ते उपसले आणि राजा-राणीला शेजारी बसवलं. मग लांबून बघितलं. "जोकर नाही लावलास?"

जोकर तोंडाला मास्क लावून, स्प्रेचा डबा हलवत शेजारीच उभा होता. पण बोलला नाही.

"आणि हा रंग असा पिवळट?"

"हा प्रायमर आहे. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की वर ऑक्साइडचा थर धरतो, त्यावर नुसता रंग टिकत नाही, पोपडे निघतात. म्हणून आधी एच (etch) प्रायमर, धातूला जरासा खाऊन घट्ट धरणारा."

"आमच्या खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. त्यांना कुठे प्रायमर?"

"त्यांना रंगच नाहीये, काका."

"मग तेच तर म्हणतोय मी!"

यावर काय बोलणार? मी चाकाकडे वळलो. वीसेक सेंटिमीटरवरून, पातळ पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. घाई केली की ओघळ. काका मागून, "अरे, ही नटांची भोकं राहिली की!" ती मुद्दाम झाकली होती. नट जिथे टेकतो तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतो. हेही सांगितलं. "बघ बाबा, अर्धवट दिसतंय," म्हणाले.

तर आता त्या बोटाचा ठसा. पोलिसांना द्यावा इतका स्वच्छ आलाय. पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, 1500 ने पाणी लावून हलक्या हाताने घासायचं आणि क्लिअर पुन्हा. कुणी? मी.

"एवढं काय? चाक फिरायला लागलं की कुणाला दिसतंय?"

इथे मात्र माझं डोकं फिरलं. ओरखडे होते तेव्हा चाक फिरत नव्हतं काय? तेव्हा याच काकांनी जिन्यातून, चार मजले ऐकतील अशा आवाजात, "ठोकलीस का रे?" विचारलं होतं. मोडलेलं लांबूनही दिसतं. घासून घासून हाताची सालटी काढली ती जवळ येऊनही दिसत नाहीत. वर बोट लावणार.

हे सगळं मी मास्कच्या आत बोललो. बाहेर फक्त "हं" आलं.

"थोडा स्प्रे उरला असेल ना? आमच्या पंख्याची पाती मारून देतोस?"

"संपला, काका," म्हणालो. डब्यातली गोळी नेमकी तेव्हाच खडखडली.