लठ्ठपणा म्हणजे आळस? फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

‘जाड माणसं आळशी असतात. जीन्स, आनुवंशिकता वगैरे सगळे बहाणे. आपल्या आजोबांच्या काळी कोण जाड होतं? जिभेवर ताबा ठेवला की कुणीही बारीक होतं. तोंडावर बोला, तरच सुधारतील.’ अशा आशयाचे संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. पुढे पाठवणारे बहुतेक जण काळजीपोटीच पाठवतात, हे मला मान्य आहे. पण त्यातलं एकेक वाक्य तपासलं तर टिकत नाही, आणि ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांना ते फार लागतं.

आधी ‘बहाणे’. वजन हा नुसता सवयींचा मामला असता, तर दत्तक मुलांचं वजन वाढवणाऱ्या आईवडिलांच्या वळणावर गेलं असतं. डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या वजनाचा ठळक संबंध जन्मदात्यांच्या वजनाशी निघाला. ज्यांच्या घरात जेवून ती मोठी झाली त्यांच्या वजनाशी निघाला नाही.

कॅनडातल्या क्वेबेकचा प्रयोग तर मी कुणालाही आवर्जून सांगते. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना देखरेखीखाली ठेवून, १०० दिवसांपैकी ८४ दिवस, रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. जादा अन्न सगळ्यांना सारखंच. तरी कुणाचं वजन ४ किलोंनी वाढलं, कुणाचं १३ किलोंनी. आणि जुळ्या भावांचे आकडे मात्र एकमेकांच्या बरेच जवळ होते. तेवढंच जास्त खाऊन एकाला तिप्पट वजन चढत असेल, तर त्याला ‘खादाड’ म्हणण्याचा हक्क दुसऱ्याला कुठून आला?

शिवाय अनेक जीन्सचं काम मेंदूत चालतं: भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं. २००७ साली सापडलेल्या ‘एफटीओ’ या जीनच्या एका प्रकाराच्या दोन्ही प्रती ज्यांच्याकडे असतात, त्यांचं वजन एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरतं. असे छोटे छोटे परिणाम करणारे शेकडो जीन्स आहेत. फार क्वचित एकच जीन सगळं बिघडवतो. केंब्रिजच्या डॉक्टरांकडे १९९७ च्या सुमारास आठ वर्षांची एक मुलगी होती, वजन ८६ किलो. तिच्या शरीरात लेप्टिन हे हार्मोनच तयार होत नव्हतं, त्यामुळे भूक शमतच नव्हती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर वर्षभरात तिचं वजन १६ किलोंनी उतरलं. तोपर्यंत तिच्या आईबापांनी काय काय ऐकून घेतलं असेल!

‘आजोबांच्या काळी कोण जाड होतं?’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. दोन पिढ्यांत जीन्स बदलत नाहीत. बदलली ती परिस्थिती. १९७२ च्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी खाऊन दिवस काढणारी पिढी काही मनोनिग्रहाने बारीक राहिली नव्हती. पिमा आदिवासींचं उदाहरण बघा. त्यांचे काही लोक अमेरिकेत अॅरिझोनात राहतात, काही मेक्सिकोच्या डोंगरात अंगमेहनतीची शेती करतात. वंश जवळचाच, तरी अॅरिझोनात लठ्ठपणा कितीतरी जास्त, आणि मधुमेह ३८ टक्के प्रौढांना, तर मेक्सिकोत ७ टक्क्यांना. आपल्याकडेही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शहरी स्त्रियांपैकी ३३ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या, ग्रामीण स्त्रियांपैकी २० टक्के. गावाकडच्या बायका तेवढ्या संयमी आणि शहरातल्या हावरट, असं कुणी म्हणणार आहे का?

आता ‘जिभेवर ताबा’. स्वभावाचा वजनाशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जवळजवळ २,००० लोकांच्या ५० वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत उतावळ्या १० टक्के लोकांचं वजन सर्वांत संयमी १० टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जास्त निघालं. शिस्तशीर माणसांना वजन राखणं सोपं जातं, हेही त्यात दिसलं. पण उतावळेपणा कुणी निवडून घेत नाही. स्वभावातही आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो.

आणि ज्यांनी निग्रह करून दाखवला, त्यांचं काय होतं? अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. मेलबर्नच्या एका अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही भुकेची हार्मोन्स पूर्वपदावर आली नव्हती. शरीरच गेलेलं वजन परत मागत असतं. सेमाग्लुटाइडसारख्या औषधाचं इंजेक्शन भूक कमी करतं आणि सरासरी १५ टक्के वजन उतरतं. नुसत्या चारित्र्याचा प्रश्न असता, तर इंजेक्शनने सुटला असता का?

या संदेशात परिस्थितीचा शब्दही नसतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पाच शहरांत, अतिशय गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडत काढून जरा बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत मिळाली. डाएट नाही, जिम नाही. १० ते १५ वर्षांनी त्या घरांतल्या बायकांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्हींचं प्रमाण मदत न मिळालेल्यांपेक्षा कमी होतं. आपल्याकडे पहाटेची विरार लोकल धरून रात्री नऊला घरी पोचणाऱ्या बाईला ‘रोज तासभर चाल’ सांगणं सोपं आहे. तो तास कुणाच्या वेळेतून काढायचा, तेही सांगा.

‘तोंडावर बोला’ हा सल्ला सगळ्यांत घातक. अमेरिकेतल्या ६,००० हून अधिक लोकांचा चार वर्षं मागोवा घेतला. वजनावरून भेदभाव सोसलेले, आधी लठ्ठ नसलेले लोक पुढे लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. हळदीकुंकवात, लग्नात, ऑफिसच्या डब्यापाशी मारलेल्या टोमण्यांनी कुणी बारीक होत नाही.

आणि बारीक म्हणजे निरोगी, हे गृहीतही इथे चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली आहेत. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचं माप) २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत याज्ञिकांच्या गटाने नवजात बाळं मोजली, तेव्हा सरासरी २.७ किलोंच्या त्या बाळांतही स्नायू कमी आणि चरबी त्यामानाने टिकून असल्याचं दिसलं. अशी चरबी मधुमेहाचा धोका वाढवते, म्हणून आपल्यासाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं असे कितीतरी जण आपल्या ओळखीत असतात. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणून ते साखर तपासायला जात नाहीत, आणि असे संदेश त्यांना निर्धास्त ठेवतात.