आईची निळी साडी

आईच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा डोळा अजून व्हायचाय. परवा कपाट उघडून म्हणाली, "अगं, ही इरकल एवढी निळी होती?" मग कितीतरी वेळ एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून ती साडी बघत बसली. इतकी वर्षं सगळं पिवळट दिसत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. डोळ्याने स्वतःचा दोष कधी कळवलाच नाही. तो कळला मनाला, तोही ताडून पाहिल्यावर.

मला 'दृग्दृश्यविवेक' आठवला. अद्वैत वेदान्ताचा हा छोटासा ग्रंथ इथूनच सुरू होतो: रूप दृश्य, म्हणजे दिसणारं, आणि डोळा द्रष्टा, म्हणजे पाहणारा. मग डोळा दृश्य, मन द्रष्टं. मग मनाच्या वृत्ती दृश्य आणि साक्षी, म्हणजे आपल्यातला निव्वळ जाणणारा, द्रष्टा. साक्षी मात्र कधीच दृश्य होत नाही. डोळ्याचं आंधळेपण, मंदपण, तीक्ष्णपण मन जाणतं, हेही तिथे सांगितलंय. आईच्या साडीचा प्रसंगच जणू!

हे लिहायचं कारण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर. माणसाला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचाच प्रकाश दिसतो, मधमाशीला अतिनील दिसतो, म्हणजे ब्रह्म विज्ञानानेच सिद्ध केलं! वाचून मनापासून वाईट वाटतं. अहो, अतिनील किरण उपकरणात पकडता येतात, म्हणजे तेही दृश्यच. अद्वैतात ब्रह्म म्हणजे तो साक्षीच, ती काही अजून न सापडलेली तरंगलांबी नव्हे. कठोपनिषदात 'पराञ्चि खानि' म्हटलंय, इंद्रियांची दारं बाहेरच उघडतात. ती कितीही मोठी केली तरी बाहेरच उघडणार.

इंद्रियं खोटी बोलतात, असंही अद्वैताच्या शंकराचार्यांचं म्हणणं नाही. 18व्या अध्यायाच्या गीताभाष्यात ते स्पष्ट लिहितात की शंभर श्रुतींनी अग्नी थंड असल्याचं सांगितलं, तरी ते प्रमाण होत नाही. आगीबद्दल त्वचेलाच विचारायचं. म्हणून 'शरीर मिथ्या आहे' म्हणत आजारी माणसाची औषधं बंद करायला लावणारे भेटले की माझा संताप होतो. हे आचार्यांच्या नावावर खपवू नका. ध्यानात दिसलेल्या प्रकाशाचं कौतुकही जरा जपून करावं. दिसला ना? मग तो दृश्य झाला.

मग जो कधी दिसतच नाही, तो साक्षी कळायचा कसा? वेदान्तात दहाव्याची गोष्ट सांगतात. दहा जण नदी ओलांडतात. पलीकडे गेल्यावर जो तो मोजतो, नऊच भरतात आणि सगळे रडायला लागतात. मोजणाऱ्याच्या डोळ्यांत काडीचाही दोष नाही, समोरचे नऊ त्याला लख्ख दिसतायत. वाटसरू त्याला फक्त एवढंच सांगतो, 'दहावा तू आहेस.'

हे सांगणं येतं कानावाटेच, म्हणजे इंद्रियातूनच. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'अतींद्रिय परी भोगवीन । इंद्रियांकरवीं', म्हणजे इंद्रियांपलीकडचं इंद्रियांकडूनच अनुभवायला लावीन, अशी हमी दिली, तीही बोलण्याच्याच भरवशावर, आपल्या मराठी बोलण्याच्या.