शांत वेळ आणि टिल्लू मोटर

देवानं सहा दिवसांत सगळं उरकलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, पण तेव्हा चर्च कमिटी नव्हती ना. उपासना संपल्यावर त्याला कुणी म्हणालं नाही की साहेब, पाचच मिनिटं थांबा, छोटीशी मीटिंग आहे. आमच्या जालन्यात ती पाच मिनिटं दीडच्या आत संपल्याचं मला तरी आठवत नाही. रविवारी सकाळी पोरांना आंघोळी घालून संडे स्कूलला पळवा, मग उपासना, मग ती मीटिंग, घरी येऊन मटण शिजेपर्यंत कुणीतरी जय ख्रिस्त करत दारात उभं, दुपारी कुणाकडंतरी उपकारस्तुतीची सभा, नाही गेलं तर राग आणि गेलं तर पुन्हा चहा, चिवडा, चार गाणी आणि लांबलचक साक्ष, आणि संध्याकाळी तरुण संघ, ज्यात आता तरुण कुणीच राहिलेलं नाही पण नाव तेच चालू आहे. सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत टेकलो की कुठं जरा बरं वाटतं.

हे मी जेवताना बायकोला बोलून दाखवलं. म्हणलं, चौथी आज्ञा काय सांगते, शब्बाथ पाळा, काम करू नका. ती म्हणाली, "पुढचं वाचा ना. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, गावातला परका. बायको दिसली का कुठं?" मी बायबल काढून बघितलं. खरंच नाही हो. अनुवाद नावाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, तिथं तर बैल आणि गाढवसुद्धा नावानिशी आहेत. "बैलाला वरून पोळाबी आहे," एवढं बोलून ती कुकरकडं गेली. मी पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अहो, "तू" म्हणलं की त्यात बायको आलीच. घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर म्हणे, "मग भांडी घासायला बसते तेव्हा माझ्यात तुम्हीबी येत जा की." धर्मशास्त्राचा विषय त्या दिवशी तिथंच संपला.

बरं, रविवार जाऊ द्या, रोज सकाळी अर्धा तास शांत वेळ, म्हणजे एकट्यानं बसून बायबल वाचन आणि प्रार्थना, तरी घ्यावा की नाही? एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षभरात बायबल पूर्ण करायचा तक्ता वाटला जातो. अध्याय ११८९, म्हणजे रोजचे तीन आणि वर थोडं. पहिलं पुस्तक उत्पत्ति, ते झपाझप जातं, गोष्टीच तशा आहेत, लाल समुद्र ओलांडेपर्यंत दुसरं, निर्गमसुद्धा जोरात, आणि मग सुरू होतात निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या तंबूचे पडदे, फळ्या, खुंट्या. रखडत रखडत तिसऱ्या पुस्तकाला, लेवीयला पोचेपर्यंत इयर एंडिंगचा मार्च उगवतो आणि अर्ध्या मंडळीचा तक्ता तिथंच खूण म्हणून अडकून बसतो.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे, प्रभू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला गेला. आपल्याला एकांत कुठला, आपल्याला गच्ची. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, आठवड्यातून कधीतरी येतं, आणि कधी येणार ते फक्त व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला माहीत. प्रभू परत येईल त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल कोणालाच ठाऊक नाही, असं बायबलात जे लिहिलंय ना, ते मला तरी नळावरूनच नीट कळलं.

गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, गार वारं सुटलेलं, डोळे मिटले, हे स्वर्गीय पित्या म्हणलं, की खालून शेजारच्या काकू ओरडल्या, "भाऊ, नळ आलेत ना हो! वर काय करायलात?"

आता टिल्लू मोटर ज्यांनी लावलीय त्यांनाच कळेल. ती जिन्याखाली गोणपाटात असते. बाहेर काढायची, पाइप नळाला लावायचा, जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि बटण दाबायचं. ती घुर्रर करते आणि हवा धरते. बंद. परत पट्टी, परत तांब्या, परत बटण. मधेच लाइट जाते. नळाला मोटर लावू नये म्हणतात ते खरंय, पण गल्लीत सगळेच लावतात आणि जो लावत नाही त्याच्या नळाला नुसता सुस्कारा येतो, त्यामुळं प्रार्थनेवरून उठून हे करताना मनाला थोडं टोचतं, पण हौद भरेपर्यंतच. मग ड्रम, मग टाकी, मग बादल्या, मग घरातली सगळी पातेली. तोवर दूधवाला आलेला असतो.

पण मार्कातली ती गोष्ट पुढं वाचली की बरं वाटतं. प्रभू प्रार्थनेला बसला तर शिमोन आणि बाकीचे शोधत शोधत तिथं हजर, म्हणे सगळे तुम्हाला शोधायलेत! म्हणजे काकू तेव्हापण होत्याच. प्रभू उठून पुढच्या गावांकडं निघाला, मी हौदाकडं.

मग मी दुपारच्या झोपेवर आलो, आणि ती पूर्ण शास्त्राला धरून आहे. आमच्या जालन्याजवळचंच बेथेल घ्या. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढं इकडं आले आणि निझामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी हे अख्खं ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांना विसावा कधी मिळायचा देव जाणे, पण गावाला नाव दिलं ते कुठलं? भावाच्या भीतीनं पळालेला याकोब जिथं धोंडा उशाला घेऊन झोपला आणि ज्याला थेट स्वर्गाची शिडी दिसली, त्या जागेचं. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला तर देवदूतानं उपदेश केला नाही, भाकर दिली, पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला तरी चालवून घेतलं. खुद्द प्रभू वादळात तारवात उशीवर झोपलेला. फक्त तो युतुख नावाचा तरुण तेवढा प्रेषित पौलाचं भाषण ऐकताना डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला, पण त्यात झोपेपेक्षा भाषणाच्या लांबीचा दोष जास्त, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे सगळं मी पांघरूण ओढता ओढता आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "आन गेथशेमानेच्या बागेत शिष्य झोपले होते, त्यांना काय म्हणला प्रभू? ऊठ, डाळ निवडायची आहे."

आता आमच्या कमिटीनंच मनावर घेतलंय. सगळ्यांना विसाव्याची फार गरज आहे, असा ठराव पास झाला आणि म्हैसमाळला एक दिवसाचं विसावा शिबिर ठरलं. बस पहाटे साडेचारला, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही. दिवसभरात गाणी, तीन संदेश, गटचर्चा, बायबल क्विझ, आणि ११.४० ते ११.५५ शांत मनन. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की जेवणाची कुपनं याच वेळेत वाटली जातील. कुपनं वाटायचं काम माझ्याकडं आहे. बायकोनं मात्र सगळ्यात आधी नाव नोंदवलं, विषय काय, संदेश कुणाचा, काही विचारलं नाही, आचारी सांगितलाय का एवढंच विचारलं.