शून्यापासून सुरुवात

सोसायटीचा खजिनदार होणं सोपं आहे. सभेला पाच मिनिटं उशिरा जायचं. आपण पोचेपर्यंत आपली बिनविरोध निवड झालेली असते.

मी हिशेब वाचायला लागलो की लोक जांभया देतात. म्हणून यंदा सेक्रेटरी म्हणाले, "आकडे वाचू नका, ग्राफ दाखवा. पोरासोरांनाही कळतं." रात्री एक्सेल उघडून बसलो. खर्चाचा वृत्तालेख काढला, पाच रंगांत. वर हौसेने तो तिरका करून जाडी दिली. अगदी केक! सकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे साठ प्रती काढल्या. काळ्या-पांढऱ्या. पाचही तुकडे राखाडी. "यातला वॉचमन कुठला आणि लिफ्ट कुठली?" असं पहिल्या रांगेतून विचारलं, तेव्हा ते मलाही सांगता येईना. त्यात तिरक्या केकचा पुढचा तुकडा जाडीमुळे उगाच मोठा दिसतो, आणि माझ्या नशिबाने पुढे आला होता 'किरकोळ खर्च'.

"किरकोळ एवढा?"

विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली स्तंभालेख छापले आणि १८०१ साली हा वृत्तालेख. पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आलेखातून दाखवलं. पण त्यांना फक्त ब्रिटिश सरकारला समजवायचं होतं. आमच्या बी विंगला नव्हे.

मुख्य विषय टँकरचा. मागच्या वर्षी ४,८०,०००, यंदा ५,०४,०००. वाढ पाच टक्के. तेवढी दाखवायची आणि मेंटेनन्स वाढवून घ्यायचा, असा साधा बेत. पार्किंगमध्ये चादर ताणून त्यावर प्रोजेक्टरने स्तंभालेखाचे दोन खांब पाडले आणि सगळे एकदम गप्प. यंदाचा खांब मागच्याच्या अडीचपटीहून उंच! एक्सेलने परस्पर अक्ष शून्याऐवजी ४,६५,००० पासून सुरू केला होता. शाळेत असं करायचं तर मूळबिंदूपाशी नागमोडी खूण काढावी लागे आणि कोपऱ्यात 'प्रमाण' लिहावं लागे. विसरलं की अर्धा मार्क जायचा. इथे अब्रू गेली.

"टँकरवाला तुमचा कोण लागतो हो?" बी विंगच्या काकू.

"काकू, बाजूचे आकडे बघा ना."

"आकडे बघायचे नाहीत म्हणूनच चित्र काढलंत ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाईघाईने अक्षावर डबल क्लिक केलं, किमान आकडा शून्य टाकला. खांब सरसर वर चढले आणि जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी उभे राहिले. मी विजयी मुद्रेने सभेकडे वळलो.

बँकेतून रिटायर झालेले काका चष्मा पुसत उठले. "म्हणजे खर्च काही वाढलेलाच नाही. मग मेंटेनन्स कशापायी वाढवताय?"

टाळ्या पडल्या. ठराव तहकूब झाला, पुढच्या महिन्यात विशेष सभा ठरली.

चादरीची घडी घालत होतो तर सेक्रेटरींनी मला जिन्याखाली गाठलं. "हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वेळी शून्यापासून नको आणि त्या चार पासष्टपासूनही नको. मधूनच कुठून तरी सुरू करा. वाढ दिसली पाहिजे, पण काकू उठायला नकोत."