उन्हाळा पोरांचा, कुरडया पोरींच्या

एप्रिल लागला की माझ्या वयाच्या मंडळींच्या पोस्टी सुरू होतात. आमच्या वेळी कुठे होती उन्हाळी शिबिरं? विहिरीत उड्या मारल्या, विटीदांडू खेळलो, रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, गोधड्या टाकून झोपलो. आताच्या पोरांना खेळायलासुद्धा फी भरून पाठवावं लागतं, वगैरे. खाली बदामांचा नुसता पाऊस.

मीही त्या पोस्टी आवडीने वाचते. फक्त एक विचारायचं असतं. त्या विहिरीत उड्या मारणाऱ्यांत पोरी किती होत्या हो?

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला. भाऊ पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. केळीला रात्रीची लाईट असली की आप्पांसोबत मळ्यात जायचे, पाणी धरायचे आणि तिथेच बाजेवर झोपायचे. आज लोक पैसे मोजून कॅम्पिंगला जातात, ते त्यांना घरबसल्या मिळालं. मी हट्ट धरला की आजीचं ठरलेलं उत्तर असायचं, "पोरीची जात, मळ्यात झोपते का कुठे?"

आमच्या वाटणीला कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू वाटायचे, चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे चार वाजता चुलीवर पातेलं चढायचं. गुठळी होऊ नये म्हणून आई आणि काकू आळीपाळीने घाटायच्या आणि आम्ही पोरी सोऱ्या घेऊन धाब्यावर. ऊन तापायच्या आत खाटा भरल्या पाहिजेत, कारण चीक थंड झाला की सोऱ्या दाबता दबत नाही, तळहात लाल होतात. पातेल्याच्या बुडाला राहिलेला गरम चीक तेल-मीठ घालून खायला मिळायचा, ती मजुरी. (ती चव अजून जिभेवर आहे, हे मात्र कबूल.) मग दिवसभर कावळे हाकलायचे. कुरडया झाल्या की ज्वारीचे बिबडे, बिबडे झाले की पापड. मे संपायचा.

मोकळा असा एक सण होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायच्या, लिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी व्हायची, घरात मांडे आणि आमरस. त्या दिवशी कोणी काही म्हणायचं नाही. झोका कितीही उंच गेला तरी चालायचं. दुसऱ्या दिवशी दोर सोडून गोठ्यात.

त्यामुळे शिबिरांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. आम्ही आता जळगावात राहतो. माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात खो-खोच्या शिबिराला गेली. आठवडाभरात घरातल्या घरात शिकवणी सुरू. पाठलाग करणाऱ्याने मधली रेघ ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटं फिरायचं नाही, खो पाठीमागून द्यायचा. बचावाला एकेरी साखळी कशी पळायची हे तिने मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर पाट मांडून दाखवलं. खांबाला एका हाताने धरून अंग झोकून द्यायला शिकली तेव्हा कोपरं सोलली होती, आणि ती कोपरं ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरत होती! 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला हरवलं आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हापासून आमच्या गल्लीत "पोरी खेळून काय करतील" हा प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारला जातो.

पण शिबिर चालवणाऱ्यांशी माझं भांडण आहे, ते वेळेवरून. गेल्या वर्षीच्या शिबिराची वेळ सकाळी सात ते साडेनऊ. ही वेळ पुण्याला ठीक असेल. इथे मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेआठला मैदान तव्यासारखं तापतं. लेकरू घरी यायचं ते तोंड लालबुंद करून, डोकं धरून. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, आधी मैदान उघडत नाही, वॉचमन येत नाही. म्हणजे वॉचमनच्या सोयीने पोरं उन्हात. शेतातला माणूस पहाटे कामाला लागतो, दहाला सावली धरतो, उन्हं कलली की पुन्हा उठतो. ही अक्कल खानदेशात पिढ्यान्पिढ्या आहे. क्रीडा शिबिराचं पत्रक छापताना ती कुठे जाते, देव जाणे. आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांची वाट बघत पोरांना अकरा वाजेपर्यंत रांगेत उभं करायचं, हार, भाषणं, प्रमाणपत्रं. पाहुण्यांना मांडव, पोरांना ऊन. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

शिबिर संपल्यावर आम्ही सगळे तोरणमाळला गेलो. जाताना नणंदबाईंनाही गाडीत घातलं. त्यांनी आयुष्यात घराबाहेर उघड्यावर रात्र काढलेली नव्हती. शहाद्याहून सातपायरीचा घाट चढून वर गेलं की हवा बदललेली कळते. हजार मीटरच्या वरचं ठिकाण ते. दुपारी ऊन असतंच, कोणी काहीही सांगो, पण रात्री अंगावर पांघरूण लागतं आणि जळगावहून आलेल्या माणसाला मे महिन्यात तेवढंही चमत्कारासारखं वाटतं. सातपुड्यात त्या दिवसांत घरोघरी आमचूर चालू असतो. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि उन्हात पसरायच्या. बाया आणि पोरी हाताने ते काम इतकं झपाट्याने करतात की माझी मुलगी बघत बसली. मी मात्र त्या पोरींकडे बघत होते. त्यांच्या उन्हाळ्यात खो-खोचं शिबिर कुठे आहे?

यशवंत तलावापासून जवळच तंबू ठोकला होता. नणंदबाई आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर. "कसं उकडस व माय, याच्यात झोपतात का लोकं!" चादर बाहेर ओढली आणि उघड्यावर आडव्या झाल्या. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे मुलगी. तंबूत शेवटी आमचे साहेब एकटेच झोपले, त्यांना डासांची भीती.

यंदाही जायचं आहे. तोरणमाळ लांब पडत असेल तर रावेरकडचं पाल आहे, चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याला आधी विचारून जा, आणि पाणी जास्तीचं न्या.

जळगाव-धुळ्यात ज्यांच्या हातात मैदानांच्या किल्ल्या आहेत, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पहाटे साडेपाचला फाटक उघडायची व्यवस्था मार्चमध्येच करा. संध्याकाळी साडेसहानंतर दिवे लावा. वॉचमनदादांना जादा पगार द्यायचा असेल तर आम्ही पालक वर्गणी काढतो, मी पहिली.