मरियेचा मान आणि मूर्तिपूजेचा आरोप

सलाम दादा,

तुम्ही विचारलंत: देव आणि माणसांत मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त, असं पौलाचं पत्र १ तीमथ्य २:५ सांगतं, मग येशूची आई मरिया हिच्याकडे विनंती करणारे कॅथलिक मूर्तिपूजक नाहीत तर काय? ‘माझी आई कोण?’ म्हणून खुद्द येशूनेच तिला बाजूला केलं ना? आणि सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचा) असून मी कॅथलिकांची वकिली का करतो?

शेवटचं आधी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा बाप्तिस्मा बाळाचा की प्रौढाचा यावरही त्यांचं एकमत नव्हतं. दोन्ही पद्धती ठेवल्या. त्यामुळे दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडणं ही वकिली नव्हे.

आता तीमथ्य. वचन मलाही मान्य आहे, पण चारच ओळी वर पौल सगळ्यांसाठी रदबदली करायला सांगतो. ‘पोरीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा’ असं आपण पाळकसाहेबांना म्हणतो, तेव्हा त्यांना ख्रिस्ताच्या जागी बसवत नाही. कॅथलिक मरियेकडे मागतात तेही ‘आम्हां पाप्यांसाठी विनंती कर’ एवढंच. खरा वाद वेगळाच आहे: जे प्रभूकडे गेले त्यांना आपली हाक पोहोचते का? पोहोचते असं शास्त्रात मला दिसत नाही, म्हणून मी ती प्रार्थना करत नाही. पण याला मूर्तिपूजा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘माझी आई कोण?’ या मार्क ३ मधल्या प्रश्नाचं म्हणाल, तर येशू तिथे देवाची इच्छा पाळणाऱ्यांना आपली आई म्हणतो. लूक १ मध्ये ‘तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो’ म्हणणारी कोण? तिची नातलग अलीशिबाही तिला धन्य म्हणते ती तिने विश्वास ठेवला म्हणून. प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन याचं म्हणणं याच वळणाचं: ख्रिस्ताला उदरात वाहण्यापेक्षा त्याच्यावरच्या विश्वासाने ती अधिक धन्य. आणि मरियेच्या स्तोत्रावर १५२१ मध्ये प्रेमाने भाष्य लिहिणारा प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता ल्यूथर काही रोमचा माणूस नव्हता! (ती शेवटपर्यंत कुमारी राहिली हेही तो मानायचा, मी मानत नाही. मार्क ६:३ मधले भाऊ मला सख्खेच वाटतात.)

कॅथलिकही या बाबतीत एकसाची नाहीत. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की मंडळीवरच्या दस्तऐवजातच तिच्यावर प्रकरण असावं, यावर ऑक्टोबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (कॅथलिक बिशपांच्या सभेत) मतदान झालं. मंडळीवरच्या दस्तऐवजातच घ्यावं या बाजूने १११४, विरोधात १०७४.

तुम्हाला भांडायचंच असेल तर कॅथलिक मंडळीने १८५४ आणि १९५० मध्ये जाहीर केलेल्या सिद्धांतांवर भांडा: मरियेचं गर्भधारणेपासूनच निष्पाप असणं आणि तिचं सदेह स्वर्गात जाणं. या दोन्हींना शास्त्रात थेट आधार मलाही सापडत नाही, आणि ते विश्वासासाठी बंधनकारक करणं तर अजिबात पटत नाही. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.