श्रद्धेने भीती जाते का?

दौंड स्टेशनाबाहेरच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद पेटला तो एका ख्रिस्ती मित्राच्या बायपासवरून. मंगळवारी शस्त्रक्रिया असताना हा गृहस्थ सकाळची उपासना आटोपून निवांत चहा पीत बसलेला पाहून वकिलाला राहवले नाही.

"तुला भीती वाटत नाही, की ती वाटत नाही असे दाखवणे तुमच्यात सक्तीचे आहे?"

"वाटते ना. काल रात्री उठून विम्याचे कागद, पासबुक आणि मुलीच्या फीच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवल्या," मित्र म्हणाला.

वकिलाला तेवढेच हवे होते. आकाशातली पाखरे पेरत नाहीत की कापणी करत नाहीत, तरी त्यांना खायला मिळते, तेव्हा उद्याची चिंता करू नका, असे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो. मग विम्याचे कागद कशाला लावायचे, आणि उपाशी माणसाला असा उपदेश करणे हा क्रूरपणा नव्हे काय, असे त्याने विचारले. प्रश्न रोखठोक होता आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या मनातलाही होता.

त्यावर इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांनी आपल्याच तालुक्यातल्या केडगावकडे बोट दाखवले. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती, स्वतः उपासमार सोसली होती आणि पुढे ऐन तारुण्यात वैधव्यही पाहिले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे ज्याला ऐकून ठाऊक असते त्याचे धाडस वेगळे, आणि जी स्वतः त्यातून गेली तिचे वेगळे. "शिवाय," मास्तर म्हणाले, "केडगावात रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये पैशासाठी प्रार्थना होत असे, तशा विहिरीही खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. उद्याची चिंता न करणे म्हणजे आजचे काम न करणे, असा अर्थ त्या बाईंनी कधी लावला नाही."

"ते धैर्य झाले. देव न मानणारेही दुष्काळात धावून जातातच की," वकील म्हणाला.

याला मास्तरांकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या मते ते असण्याची गरजही नव्हती, कारण धैर्यावर कोणत्याही एका धर्माचा मालकी हक्क नाही. मित्राने मात्र वेगळीच बाजू मांडली. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू मरणाच्या कल्पनेने व्याकूळ झाला होता, हा दुःखाचा प्याला टळावा अशी त्याने विनवणी केली होती, आणि सोबत आणलेले शिष्य तेव्हा झोपून गेले होते. म्हणून भीती वाटणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे कोणी पाळक सांगू लागला तरी आपण ते मानणार नाही, असे तो म्हणाला.

"पण रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. तेव्हा प्रार्थनेचा काय उपयोग झाला?" वकील सहजासहजी सोडणारा नव्हे.

"मुलगी वाचेल असे वचन त्यांना कुणी दिले नव्हते. मंगळवारी सारे सुरळीत होईल असे मलाही कुणी दिलेले नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मी एकटा नसेन, एवढेच मी धरून आहे."

"आणि तेवढ्यावर झोप लागते?"

"काल लागली. तीन वाजल्यानंतर."